दारू, एचआयव्ही आणि समुपदेशन : समलिंगी आणि तृतीयपंथी व्यक्तींशी याविषयी कसे बोलावे?

कृष्णाकाठ :

मी दक्षिण महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्यात एचआयव्हीच्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, म्हणजे ज्याला आपण सगळे आयसीटीसी म्हणतो तिथे, समुपदेशक म्हणून काम करते. आमच्याकडे येणाऱ्यांमध्ये पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारे पुरुष आणि तृतीयपंथी व्यक्ती पूर्वीपेक्षा जास्त असतात. ही मी चांगली गोष्ट मानते, कारण एके काळी ही माणसे सरकारी रुग्णालयाची पायरी चढायलाच कचरत असत. चाचणीपूर्वी आम्ही जोडीदारांविषयी, कंडोमविषयी, गुप्तरोगांच्या लक्षणांविषयी सविस्तर विचारतो. दारूचा विषय मात्र 'घेता का?' एवढ्या एका प्रश्नात संपतो. उत्तर 'कधीतरी' असे येते आणि आम्ही पुढच्या रकान्याकडे वळतो.

नंतर माणूस मोकळा झाला की तोच सांगतो की कंडोम खिशात होता, तो का वापरायचा हेही पक्के ठाऊक होते, पण त्या रात्री प्यालेलो होतो. ज्याला सगळे माहीत आहे त्याला तीच माहिती पुन्हा देऊन मी काय साधते, हा प्रश्न मला छळतो. नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या, २०२१ च्या सर्वेक्षणात पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण ३.२६ टक्के आणि हिजडा व ट्रान्सजेंडर व्यक्तींमध्ये ३.७८ टक्के आढळले होते. देशातल्या एकूण प्रौढांमध्ये ते ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे. एवढा फरक असताना दारूविषयी आम्ही इतके त्रोटक बोलणे मला योग्य वाटत नाही.

तेव्हा माझा प्रश्न असा : समोरच्याला दोषी न ठरवता, आणि 'दारू सोडा' असा उपदेशही न करता, या विषयावर उपयोगी पडेल असे समुपदेशन कसे करावे? तुम्ही टेबलाच्या या बाजूला असाल किंवा त्या बाजूला, कृपया लिहा.

निंबोणी :

मी त्या बाजूचा आहे. पुण्यात राहतो, गे आहे, आणि माझ्या ओळखीच्या कितीतरी मुलांची पहिली भेट दारूशिवाय झालेली नाही. ॲपवर बोलणे होते, खोली ठरते, आणि दार वाजवण्याआधी दोन पेग पोटात गेलेले असतात. नशा करणे हा त्यामागचा हेतू नसतो. आयुष्यभर जी गोष्ट लपवली ती करताना हात थरथरू नयेत, म्हणून ते पितात. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाखालून आम्हाला मोकळे केले, पण घरात लग्नाची स्थळे येणे काही थांबले नाही. समुपदेशकाने दारूविषयी विचारताना त्या भीतीविषयीही विचारले, तर माणूस खरे उत्तर देईल असे मला वाटते.

सह्यकडा :

विषय महत्त्वाचा आहे हे मान्य करूनही एक आक्षेप नोंदवतो. दारू पिऊन असुरक्षित संबंध ठेवणारे बहुसंख्य पुरुष स्त्रियांशीच संबंध ठेवणारे असतात. ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर यांच्याबाबत आपण हीच चर्चा अनेक वर्षे ऐकत आलो आहोत. अशा स्थितीत समलिंगी आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी वेगळे 'दारू समुपदेशन' काढले, तर आधीच बदनाम केलेल्या लोकांवर 'हे पिणारे' असा आणखी एक शिक्का बसेल. प्रश्न सगळ्यांना सारखेच विचारावेत.

डॉ. शेवंती :

सह्यकडा, प्रश्न सगळ्यांना विचारावेत याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. मी मनोविकारतज्ज्ञ आहे आणि माझ्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या प्रत्येकाला दारूविषयी विचारते. पण प्रश्न सारखे असले तरी उत्तरानंतरचे बोलणे सारखे राहू शकत नाही, कारण पिण्यामागची कारणे वेगळी असतात आणि धोक्याचे गणितही वेगळे असते. गुदमैथुनात, विशेषतः स्वीकारणाऱ्या जोडीदाराला, एचआयव्हीचा धोका योनीमार्गाच्या संबंधापेक्षा बराच जास्त असतो, आणि ज्या गटात संसर्गाचे प्रमाण आधीच जास्त आहे तिथे एका असुरक्षित रात्रीची किंमतही जास्त असते.

कृष्णाकाठ, 'घेता का?' या प्रश्नाऐवजी जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' ही दहा प्रश्नांची चाचणी वापरून पाहा. एकूण गुण ४० असतात. ८ किंवा अधिक गुण आले तर पिणे धोक्याच्या पातळीवर आहे असे समजतात, आणि २० किंवा अधिक आले तर अवलंबित्वाची शक्यता धरून तज्ज्ञाकडे पाठवतात. वेळ नसेल तर पहिले तीनच प्रश्न विचारावेत : किती वेळा पिता, एका वेळी किती पिता, आणि एकाच बैठकीत सहा किंवा अधिक मापे किती वेळा होतात.

यात 'माप' म्हणजे काय हे आधी स्पष्ट करावे लागते. आपल्याकडच्या व्हिस्की-रमचा ३० मिलिलिटरचा एक पेग म्हणजे साधारण १० ग्रॅम अल्कोहोल, आणि हेच एक माप. म्हणजे १८० मिलिलिटरची एक क्वार्टर ही सहा मापे झाली, आणि ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची मोठी बाटली जवळजवळ चार. 'मी जास्त घेत नाही, एक क्वार्टर फक्त' असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याच्या हिशोबात ते एकच असते. हे गणित कागदावर मांडून दाखवले की कित्येक जण आपणहून विचारात पडतात.

गुलबक्षी :

नमस्कार. मी ट्रान्स स्त्री आहे, डेऱ्यात, म्हणजे गुरू आणि तिच्या चेल्या एकत्र राहतात त्या घरात, वाढले, आणि आता एका टीआय प्रकल्पात, म्हणजे जास्त धोका असलेल्या गटांसाठीच्या एचआयव्ही प्रतिबंध प्रकल्पात, वस्तीत जाऊन काम करणारी आउटरीच वर्कर आहे. निंबोणी यांनी लिहिले ते खरे आहे, पण आमच्याकडचे पिणे थोडे वेगळे असते आणि त्याविषयी फार कमी लिहिले जाते, म्हणून सविस्तर लिहिते.

धंद्याला उभ्या राहणाऱ्या आमच्या मुली संध्याकाळी आधी पितात आणि मग रस्त्यावर जातात. थंडी, पोलिसांची भीती, शिव्या देत जाणाऱ्या गाड्या, आणि ज्याचे तोंडही पाहू नये असे वाटते त्या गिऱ्हाइकाजवळ जाणे, हे सगळे शुद्धीत सोसत नाही. पुढे गिऱ्हाईक स्वतः बाटली आणते आणि नाही म्हटले तर पैसे कमी करते. प्यालेला माणूस कंडोमला तयार होत नाही, आणि प्यालेल्या मुलीला भांडण रेटता येत नाही. 'दारूमुळे निर्णय चुकतो' असे पुस्तकात लिहितात. आमच्याकडे बऱ्याचदा निर्णय तिच्या हातातच नसतो. ज्या समुपदेशनात गिऱ्हाइकाची जबरदस्ती, मारहाण आणि पैसे यांविषयी एक शब्दही नसतो, ते ऐकून घेऊन आमच्या मुली मान हलवतात आणि उठून जातात.

दुसरी गोष्ट वेळेची. केंद्र सकाळी उघडते आणि दुपारनंतर बंद होते. रात्रभर जागलेली मुलगी दुपारी एकला उठते. तिच्याशी दारूविषयी बोलायचे असेल तर बाजार मागून, म्हणजे दुकानांतून पैसे मागून, परतल्यावर आणि धंद्याला निघण्याआधी, म्हणजे चार ते सहाच्या मध्ये, डेऱ्यावर येऊन बोलावे लागते, आणि आधी गुरूंची परवानगी घ्यावी लागते. गुरू हो म्हणाल्या की चेल्या बसतात. आमच्या गुरूंनी एकदा सगळ्यांसमोर सांगितले की कंडोमची पिशवी दाखवल्याशिवाय कुणी बाहेर पडायचे नाही, आणि त्या एका वाक्याने जे झाले ते आमच्या कित्येक बैठकींनी झाले नव्हते.

एकनिष्ठ :

मी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या परस्पर मदतगटाचा, सदस्य आहे आणि अनेक वर्षे दारूपासून दूर आहे. माझे मत कठोर वाटेल, तरी मनापासून मांडतो. 'कमी प्या, जपून प्या' हे बोलणे ज्याला खरा आजार जडला आहे त्याच्यासाठी घातक आहे. पहिला घोट घेतल्यानंतर माझ्या हातात काहीच उरत नसे. अशा माणसाला समुपदेशक जर 'प्या, पण कंडोम वापरा' असे सांगू लागला, तर तो त्याला पिण्याची परवानगीच देतो.

मांडवीतीर :

एकनिष्ठ, आपल्या अनुभवाचा आदर ठेवून गोव्यातला एक दाखला देतो. इथे 'संगाथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, हानिकारक पातळीवर पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर एक अभ्यास केला आणि तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ऑडिटमध्ये १२ ते १९ गुण असलेल्यांना जास्तीत जास्त चार सत्रे दिली गेली, आणि ती देणारे लोक मानसोपचारातली पदवी नसलेले, प्रशिक्षण घेतलेले स्थानिक समुपदेशक होते. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के लोकांचे पिणे धोक्याच्या पातळीखाली आले होते, तर नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. कुणावरही 'सोडलीच पाहिजे' अशी अट नव्हती, तरीही पूर्ण थांबवणाऱ्यांचे प्रमाण समुपदेशनाच्या गटात जास्त आढळले.

हा अभ्यास सर्वसाधारण पुरुष रुग्णांवरचा होता, समलिंगी किंवा तृतीयपंथी व्यक्तींसाठी आखलेला नव्हता, त्यामुळे तो जसाच्या तसा उचलता येणार नाही. पण गावातल्याच माणसाला प्रशिक्षण देऊन हे काम होऊ शकते एवढे त्यातून नक्की दिसते, आणि गुलबक्षी ताई जे सांगत आहेत त्याच्याशी ते जुळते.

डॉ. शेवंती :

एकनिष्ठ आणि मांडवीतीर वेगवेगळ्या माणसांविषयी बोलत आहेत आणि दोघांचेही आपापल्या जागी बरोबर आहे. आठवड्यातून एकदा भेटीच्या रात्री जास्त पिणारा तरुण आणि सकाळी उठल्यावर हात थरथरतात म्हणून पिणारा माणूस यांना एकच सल्ला देता येत नाही. यांतल्या दुसऱ्या माणसासाठी पूर्ण थांबणे हेच ध्येय योग्य असते, आणि ते वैद्यकीय देखरेखीखाली व्हावे लागते. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केले तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून कोणत्याही समुपदेशकाने अशा व्यक्तीकडून 'आजपासून बंद' अशी शपथ घेऊ नये. तसेच घरच्यांनी चोरून जेवणात डायसल्फिरामची, म्हणजे दारू घेतल्यावर त्रास व्हावा म्हणून देतात ती, गोळी मिसळणे हा प्रकार अत्यंत धोकादायक आहे; त्या माणसाने वर दारू घेतली तर प्रसंग जिवावर बेतू शकतो.

पहिल्या प्रकारच्या माणसाबरोबर मात्र प्रेरणात्मक मुलाखतीची पद्धत उपयोगी पडते. तिचा गाभा असा की बदलाची कारणे समुपदेशकाने सांगायची नसतात, ती समोरच्याच्या तोंडून यावी लागतात. 'प्यायल्यामुळे तुम्हाला काय मिळते?' हा प्रश्न आधी विचारावा आणि उत्तर खरोखर ऐकावे. नंतर 'त्या रात्रीचे काय आवडले नाही?' हे विचारावे. मग बदल करणे किती महत्त्वाचे वाटते ते शून्य ते दहा यांत सांगायला लावावे. कुणी 'चार' म्हणाला तर 'चारच का?' असे विचारू नये. 'दोन का नाही?' असे विचारावे, म्हणजे तो स्वतःच बदलाच्या बाजूने बोलू लागतो.

अपेक्षाही मापात ठेवाव्यात. अमेरिकेतल्या सहा शहरांत ४,२९५ समलिंगी व उभयलिंगी पुरुषांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एक्सप्लोअर' अभ्यासात दहा सत्रांचे वैयक्तिक समुपदेशन दिले होते. नव्या एचआयव्ही संसर्गाचे प्रमाण साधारण १८ टक्क्यांनी कमी दिसले, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरला नाही, आणि सुरुवातीचा परिणाम पुढे ओसरत गेला. नुसत्या बोलण्याला मर्यादा आहेत, त्याला औषधांची आणि सेवांची जोड हवी, असा त्याचा अर्थ मी घेते. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये लैंगिक अल्पसंख्य पुरुषांना पिण्याची तीव्र इच्छा होईल तेव्हाच नाल्ट्रेक्सोन ही ती इच्छा कमी करणारी गोळी घ्यायला सांगून समुपदेशनाबरोबर जो प्रयोग झाला आणि २०२२ मध्ये छापून आला, त्यात एका बैठकीत अति पिण्याचे प्रसंग कमी झाले. ही गोळी आपल्याकडेही मिळते, पण यकृताची तपासणी करून आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

नवखा :

मी पहिल्यांदाच लिहीत आहे. माझी एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधे, सुरू आहे. रात्री जेवणानंतर गोळी घेतो. शनिवारी मित्रांबरोबर बसणे होते, आणि दारूवर गोळी घेतली तर विषबाधा होते असे एका परिचिताने सांगितल्यामुळे त्या रात्री मी गोळी घेत नाही. हे योग्य आहे का?

डॉ. शेवंती :

नवखा, तुम्ही विचारलेत हे फार चांगले केले. गोळी चुकवू नका. सध्या सरकारी केंद्रांतून बहुतेकांना टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर यांची एकत्र गोळी मिळते; दारू घेतली म्हणून ती टाळावी असे काहीही कारण नाही. दर आठवड्याला डोस चुकवण्याचा धोका त्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, कारण त्यातून विषाणू पुन्हा वाढू शकतो आणि औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. तुमचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, मोजता येणार नाही इतका कमी राहिला तर तुमच्यापासून जोडीदाराला लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही, आणि हे संरक्षण नियमित गोळीवरच टिकते. शनिवारी बसायचे असेल तर गोळीची वेळ संध्याकाळी अलीकडे घ्या आणि पहिल्या पेगच्या आधी ती घेऊन टाका.

एक सावधगिरी सांगते. क्षयरोग टाळण्यासाठी तुम्हाला आयसोनियाझिड दिले जात असेल, तर त्या काळात दारू खरोखर टाळा, कारण दोन्हींचा ताण यकृतावर येतो. आणि तुम्ही पिता हे तुमच्या एआरटी केंद्रात न घाबरता सांगा.

कृष्णाकाठ :

नवखा यांचा प्रश्न वाचून मला फार वाईट वाटले, कारण हा गैरसमज कित्येकांचा असणार आणि आम्ही दारूविषयी नीट विचारतच नाही म्हणून तो तसाच राहतो. आमच्या पाठपुराव्यात 'पिताना गोळीचे काय करता?' हा प्रश्न मी आजपासून घालत आहे.

निंबोणी :

प्यायल्यावर कंडोम राहून जातो हे ज्याला स्वतःविषयी माहीत आहे, त्याला प्रेपविषयी, म्हणजे संसर्ग टाळण्यासाठी आधीच घ्यायच्या गोळ्यांविषयी, का सांगू नये? गोळी शुद्धीत असताना घेता येते. पार्टीला जाण्याआधी दोन गोळ्या, नंतर एक-एक, अशी पद्धत माझे मित्र वापरतात.

डॉ. शेवंती :

जरूर सांगावे, आणि नीट सांगावे. संबंधाच्या २ ते २४ तास आधी दोन गोळ्या, पहिल्या डोसनंतर २४ तासांनी एक आणि ४८ तासांनी एक, अशी ती पद्धत आहे. नंतरच्या दोन गोळ्या अतिमद्यपानाच्या दुसऱ्या दिवशी विसरण्याची शक्यता मोठी असते, म्हणून नियमित पिणाऱ्याला मी रोजच्या गोळीचाच सल्ला देते. स्त्रीत्वासाठी इस्ट्रोजेन घेणाऱ्या ट्रान्स स्त्रियांनीही रोजचीच पद्धत घ्यावी. सुरू करण्याआधी एचआयव्ही, कावीळ-ब आणि मूत्रपिंड यांची तपासणी हवी. प्रेप सिफिलिसपासून वाचवत नाही, त्यामुळे कंडोमची गरज संपत नाही.

धोका घडून गेला असेल तर पेप, म्हणजे संसर्ग रोखण्यासाठी नंतर घ्यायचे औषध, हा मार्ग उरतो. ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितके चांगले, औषध सुरू करून २८ दिवस घ्यावे लागते. रविवारी सकाळी शुद्धीवर आलेल्या माणसाला सोमवारपर्यंत थांबायचे नाही, थेट रुग्णालयात जायचे, एवढे पक्के ठाऊक असायला हवे.

अबोली :

मी तालुक्याच्या गावात राहते आणि माझ्या ट्रान्स मित्राबरोबर अशा केंद्रात गेले आहे. 'समाजातलाच समुपदेशक हवा' असा सूर वर दिसतो, पण छोट्या गावात समाजातला माणूस म्हणजे ओळखीचा माणूस. कोण पितो, कोण पॉझिटिव्ह आहे, हे चार दिवसांत सगळ्यांना कळेल ही भीती खोटी नाही. दुसरे असे की व्यसनमुक्ती केंद्रात ट्रान्स पुरुषाला कुठल्या वॉर्डात ठेवायचे याचे उत्तर आम्हाला मिळाले नाही आणि आम्ही परत आलो.

सह्यकडा :

अबोली, माझा व्यवसाय वकिलीचा असल्याने कायद्यापुरते सांगतो. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, आणि मोजके अपवाद सोडले तर कुणाची एचआयव्ही स्थिती उघड करता येत नाही; हे बंधन आउटरीच वर्करलाही लागू होते. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आरोग्य संस्थेत तक्रार अधिकारी असावा लागतो. दारूच्या व्यसनाशी संबंधित मानसिक स्थिती मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या व्याख्येत बसते, आणि त्या कायद्याने लिंग किंवा लैंगिक कल यावरून उपचारांत भेदभाव करण्यास मनाई केली आहे. तुमच्या मित्राला परत पाठवणे या कायद्याला धरून नव्हते. लेखी तक्रार करण्यास मी मदत करेन.

माझ्या सुरुवातीच्या आक्षेपाविषयीही सांगतो. गुलबक्षी आणि नवखा यांचे लिखाण वाचल्यावर वेगळे बोलणे आवश्यक आहे हे मला पटले आहे. प्रश्न मात्र सगळ्यांना विचारावेत, यावर मी ठाम आहे.

गुलबक्षी :

अबोली ताईंची भीती खरी आहे. यावर आम्ही असे करतो की शेजारच्या तालुक्यातली वर्कर बोलावतो आणि निवड त्या व्यक्तीला करू देतो : ओळखीची हवी की अनोळखी. ज्याला कुणालाच भेटायचे नसेल त्याला नॅकोच्या १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगता बोलता येते, आणि मन फार खचले असेल तर टेलिमानसचा १४४१६ आहे.

कृष्णाकाठ :

आपल्या सर्वांच्या लिखाणातून मी माझ्यापुरता एक मसुदा केला आहे. आधी परवानगी मागायची : 'दारूविषयी दोन मिनिटे बोललो तर चालेल का? मी हे सगळ्यांना विचारते.' मग पेग आणि क्वार्टरचे गणित मांडून तीन प्रश्न विचारायचे. त्यानंतर शेवटच्या प्रसंगाविषयी बोलायचे, म्हणजे कुणाबरोबर, कुठे, आधी किती घेतली, कुणी पाजली, नाही म्हणता आले असते का. शेवटी त्या व्यक्तीनेच ठरवलेली, पहिल्या घोटाआधी करता येईल अशी एक गोष्ट लिहायची. यात काही राहून गेले आहे का?

डॉ. शेवंती :

पोट रिकामे होते का, हेही विचारा. उपाशीपोटी दारू भराभर चढते. आणि पुढची भेट पंधरा दिवसांच्या आतली द्या.

गुलबक्षी :

ताई, 'कुणी पाजली' हा प्रश्न तुम्ही घातलात, याचे मला फार समाधान आहे. त्या उत्तरात मारहाण किंवा जबरदस्ती आली तर दारूचे बोलणे तिथेच थांबवा आणि आधी तिला डॉक्टरांकडे न्या, कारण पेपचे ७२ तास त्या प्रसंगापासूनच मोजले जातात. ती अमुक एक गोष्ट करीन असे सांगत असेल तर ते कागदावर लिहून तिच्याकडे देऊ नका. असा कागद गिऱ्हाइकाच्या किंवा पोलिसांच्या हाती लागतो. आमच्या मुली ती गोष्ट एका मैत्रिणीला सांगून ठेवतात आणि निघताना ती मैत्रीण विचारते. कंडोमबरोबर पाण्यावर आधारित (वॉटर-बेस्ड) वंगणही द्या, कारण घाईत तेल लावले जाते आणि तेलाने कंडोम फाटतो. आमच्या डेऱ्यावर यायचे असेल तर गुरूंशी मी बोलून ठेवते; गुरुवार सोडून कोणत्याही दिवशी चारनंतर या.